दोन रकान्यांचे दप्तर

लिहिलेल्याला पुरावा लागत नाही, लिहिलेले हाच पुरावा, असे आपण सारे धरून चालतो. देवळाच्या मानपानाचा तंटा असो, वडिलोपार्जित शेताची वाटणी असो, की तीर्थक्षेत्री उपाध्यायांसमोर बसून आपल्या सात पिढ्यांची नावे ऐकणे असो. वही उघडली, बोट अक्षरावर टेकले, की वाद मिटला. हा विश्वास निराधार नाही. माणसाची आठवण आजोबा-पणजोबांपलीकडे सहसा पोहोचत नाही, आणि जेथे ती थकते तेथून पुढे शाईच आपला हात धरते. परंतु याच विश्वासाच्या पोटात एक अवघड प्रश्न दडलेला आहे. माणूस स्वतःविषयी एक सांगतो आणि वही त्याच्याविषयी दुसरेच सांगते, तेव्हा कोणाचे खरे मानावे? नोंदीने माणसाची साक्ष द्यावयाची, की माणसाने जन्मभर नोंदीची? हा प्रश्न तत्त्वज्ञांच्या ग्रंथांतून जेवढा उभा राहत नाही, तेवढा तो कारकुनाच्या मेजावर उभा राहतो. त्याचे एक ठळक उदाहरण सातासमुद्रांपलीकडच्या एका खेडवळ मुलखात घडले, आणि त्याची कागदपत्रे आजही वाचावयास मिळतात.

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात, जेम्स नदी आणि ब्लू रिज नावाची डोंगररांग यांच्या दरम्यान अॅमहर्स्ट ही काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपल्या तालुक्या-जिल्ह्यासारखाच एक मुलूख समजावा. मात्र न्यायदान, जमिनीची खतपत्रे, विवाहाचे परवाने, मृत्युपत्रे आणि कराच्या याद्या या साऱ्यांचे दप्तर तिच्या मुख्य गावी, न्यायालयाच्या इमारतीत, एका कारकुनाच्या ताब्यात असते. हा कारकून म्हणजे काउंटीची स्मरणशक्तीच म्हणावयाची. 1761 साली आल्बेमार्ल काउंटीचा मुलूख तोडून दोन नव्या काउंट्या करण्यात आल्या. एक अॅमहर्स्ट आणि दुसरी बकिंगहॅम. दोघी जुळ्या बहिणी. पण बकिंगहॅमच्या न्यायालयाला 1869 साली आग लागली. ती इमारत टॉमस जेफरसनच्या आराखड्याबरहुकूम बांधलेली होती; इमारत गेली आणि तिच्याबरोबर शतकाहून अधिक काळाचे कागद गेले. अशा दुर्दैवी काउंट्यांना तिकडचे वंशशोधक ‘जळक्या काउंट्या’ म्हणतात. अॅमहर्स्टचे दप्तर सुदैवाने पुष्कळसे शाबूत राहिले. हे सुदैव कोणाचे, हे मात्र पुढे पाहावे लागेल.

त्या दप्तरात काय आहे? अठराव्या शतकापासूनची खरेदीखते आहेत. त्यांत शेताच्या सीमा ओकवृक्ष, ओढे आणि शेजाऱ्याचे कुंपण यांच्या खुणांनी सांगितलेल्या असतात. मृत्युपत्रे आहेत; त्यांतून बापाचे कोणत्या मुलावर प्रेम होते आणि कोणावर नव्हते हे दोनशे वर्षांनंतरही ताडता येते. लग्नापूर्वी लिहून द्यावयाचे जामीनखत आहे. 1782 पासून वर्षावर्षाला होणाऱ्या करपट्टीच्या याद्या आहेत. एखाद्या घरातील मुलगा सोळा वर्षांचा झाला की त्याची चाहूल प्रथम या याद्यांना लागते, आणि म्हातारा निवर्तला की त्याचे नाव जाऊन ‘त्याची इस्टेट’ असा शब्द येतो. 1853 पासून जन्म आणि मृत्यू यांची नोंद राज्याने सुरू केली. ती 1896 साली बंद पडली आणि 1912 साली पुन्हा सुरू झाली. ज्याचे पूर्वज या खोऱ्यात तंबाखू पिकवीत होते तो आज या कागदांत शिरला, तर आठवडाभर जेवणाखाण्याची शुद्ध राहू नये इतका त्यांत रस आहे.

परंतु एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. माणसाची आठवण राहावी म्हणून हे दप्तर कोणी घातले नव्हते. जमीन कोणाची, कर किती, कर्ज कोणाकडे आणि वारसा कोणाला, एवढ्यापुरती त्याला माणसांची गरज होती. माणूस त्यात सापडतो तो जाळ्यात पानगळ सापडावी तसा, आनुषंगिक. म्हणूनच ज्याच्यापाशी मालमत्ता होती तो तपशीलवार सापडतो, आणि जो स्वतःच कोणाची तरी मालमत्ता होता, त्याला त्या मालमत्तेच्या यादीत शोधावे लागते.

हे शब्दशः खरे आहे. तंबाखूचा एखादा मळेवाला वारला म्हणजे शेजारचे चार गृहस्थ त्याच्या घरी जाऊन चीजवस्तूंची मोजदाद करीत. बैल, नांगर, तांब्याची भांडी, पिसांची गादी. आणि याच यादीत, याच हस्ताक्षरात, एक बाई व तिचे मूल, समोर किंमत. 1850 आणि 1860 सालच्या शिरगणतीत गुलामांसाठी वेगळे तक्ते होते. त्यांत मालकाचे नाव आहे, आणि त्याखाली गुलामाचे वय, लिंग व वर्ण. त्याचे नाव मात्र सहसा नाही. 1853 नंतरच्या जन्मनोंदीत गुलाम मातेचे मूल नोंदले जाई, पण बापाच्या जागी कोरा कागद आणि मालकाच्या जागी भरदार सही. गुलामगिरी संपल्यानंतर 1870 साली जी शिरगणती झाली तिच्यात ही माणसे प्रथमच सर्रास नावा-आडनावासह उभी राहिली. म्हणून कृष्णवर्णी अमेरिकन वंशशोधक 1870 ला एक भिंत म्हणतात. तिच्या अलीकडे आजा-पणजा भेटतात. तिच्या पलीकडे जावयाचे तर ज्याने त्यांना विकत घेतले होते त्याच्या घराण्याचा इतिहास अभ्यासावा लागतो. आपल्या खापरपणजीचे नाव आपणास कळावे म्हणून तिची किंमत करणाऱ्याच्या व्यवस्थितपणाचे आभार मानावे लागावेत, यापेक्षा विचित्र ऋण कोणते असेल? पितृऋण आपण ओळखतो. ते कोणत्या हातांतून फिरून आपल्यापर्यंत येते, याचा विचार शास्त्रकारांनी केलेला माझ्या वाचनात नाही.

गोऱ्यांचे आणि काळ्यांचे दप्तर असे हे दोन प्रकारचे. पण अॅमहर्स्टमध्ये तिसरेही लोक होते. गोरे येण्यापूर्वीपासून होते. ते मोनाकन. 1612 साली छापलेल्या जॉन स्मिथच्या नकाशात या लोकांचे नाव आहे. त्यांच्याविषयी जेफरसनने आपल्या ‘नोट्स ऑन द स्टेट ऑफ व्हर्जिनिया’ या ग्रंथात एक हकिकत नमूद केली आहे, आणि ती मला त्या साऱ्या दप्तराहून मोलाची वाटते. आल्बेमार्लमध्ये रिव्हाना नदीकाठी एक जुना दफनाचा उंचवटा होता. जेफरसनने तो खणून पाहिला होता. तो सांगतो की, सुमारे तीस वर्षांपूर्वी मूलनिवासींची एक टोळी त्या भागातून चालली असता, कोणाला वाट न विचारता रानातून थेट त्या उंचवट्यापाशी गेली, तेथे काही वेळ थांबून तिने दुःख व्यक्त केले असावे असे पाहणारांस वाटले, आणि मग हमरस्त्यावर परत येऊन ती आपल्या वाटेने निघून गेली. यासाठी ती पाच-सहा मैल आडवाटेला गेली होती. त्या लोकांजवळ खरेदीखत नव्हते, वही नव्हती. आपले पितर कोठे निजले आहेत एवढे त्यांच्या पायांना ठाऊक होते. ही हकिकत ज्याने लिहून ठेवली, त्याच जेफरसनने आपल्या शेताच्या वहीत आपल्या गुलामांच्याही याद्या काटेकोर अक्षरात लिहून ठेवल्या आहेत. एकाच लेखणीतून दोन्ही उतरले.

मोनाकनांपैकी काही कुटुंबे अॅमहर्स्टमधील बेअर माउंटन या डोंगराच्या आसऱ्याने टिकून राहिली. आता काउंटीच्या कारकुनापुढे प्रश्न आला तो यांना लिहावयाचे कोठे. कायद्याने तो प्रश्न फार पूर्वीच उरकून टाकला होता: 1705 च्या एका कायद्याने मूलनिवासीचे मूल ‘मिश्र’ समजावे असे ठरवून दिले होते. 1850 च्या शिरगणतीत वर्णाच्या रकान्यात गोरा, काळा आणि मिश्र एवढ्याच खुणांची सोय होती. आणि व्यवहारात या तीन खुणांचे दोनच अर्थ होत, गोरा आणि ‘रंगीत’. तिसरा रकानाच नव्हता. तेव्हा कर वसूल करणारा बेअर माउंटनच्या पायथ्याशी आला, घोड्यावरून उतरला, आणि समोरच्या माणसाला त्याने दोहोंपैकी एका रकान्यात बसविले. त्याचा काही दुष्ट हेतू असेलच असे नाही. संध्याकाळपूर्वी त्याला आणखी दहा घरे करावयाची असतील. आपल्याकडेही ज्याने कोणतेही फॉर्म भरून घेतले आहेत त्याला हे कळेल: रकाना नसला की माणूस सत्य सांगत नाही, जागा शोधतो.

या आळसाचे पर्यवसान पुढे जे झाले त्यात खरा नैतिक प्रश्न आहे. 1912 साली व्हर्जिनियाने जन्ममृत्यूंच्या नोंदीसाठी एक खाते काढले, आणि त्याचा निबंधक म्हणून वॉल्टर प्लेकर नावाच्या डॉक्टरची नेमणूक केली. 1912 पासून 1946 पर्यंत, चौतीस वर्षे, तो त्या खुर्चीवर होता. याला निव्वळ राक्षस म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. पण तो तसा असता तर त्याच्यापासून शिकण्यासारखे काही उरले नसते. तो कामसू होता. नवजात अर्भकांचे मृत्यू टळावेत, सुइणींना शिक्षण मिळावे, यासाठी त्याने आधी पुष्कळ खटपट केली होती. नोंद अचूक असावी याचा त्याला ध्यास होता. मात्र वर्णशुद्धीच्या कल्पनेने त्याला झपाटले होते, आणि अचूकपणा हा सद्गुण त्या भुताच्या सेवेला लागला. 20 मार्च 1924 रोजी व्हर्जिनियात वांशिक शुद्धतेचा कायदा संमत झाला. तो व्हावा म्हणून प्लेकर झटला होता. ज्याच्या अंगी इतर वंशाच्या रक्ताचा मागमूसही नाही तोच गोरा, अशी त्या कायद्याने व्याख्या केली, आणि गोऱ्याने अन्य कोणाशीही विवाह करू नये असे बंधन घातले. एक अपवाद मात्र ठेवला: मूलनिवासीचे रक्त सोळावा हिस्सा किंवा त्याहून कमी असेल तर चालेल. कारण व्हर्जिनियातील काही बड्या घराण्यांना आपण पोकाहोंटास या मूलनिवासी राजकन्येचे वंशज आहोत याचा अभिमान होता! शुद्धीच्या कायद्यालाही प्रतिष्ठितांपुरती खिडकी ठेवावी लागते; आपल्याकडील धर्मनिर्णयांचा इतिहास ज्यांनी वाचला आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही.

प्लेकरचे म्हणणे असे की, व्हर्जिनियात आता खरे मूलनिवासी उरलेलेच नाहीत. जे तसे म्हणवितात ते ‘रंगीत’ लोक असून गोऱ्यांत शिरण्याची ती पहिली पायरी आहे. याला पुरावा काय? तर जुने दप्तर. एकोणिसाव्या शतकातील करपट्ट्या, 1853 ते 1896 च्या जन्ममृत्यूंच्या नोंदी, शिरगणतीचे तक्ते. यांत बेअर माउंटनच्या कुटुंबांचे पूर्वज ‘रंगीत’ म्हणून लिहिलेले आहेत, मग वंशज निराळे कसे? पाहा, तर्क किती निर्दोष दिसतो! तिसरा रकाना नव्हता म्हणून ज्यांना दुसऱ्यात लिहिले, ते दुसऱ्यात सापडतात म्हणून तिसरे अस्तित्वातच नव्हते. कागदाचे दारिद्र्य हे माणसांविषयीचे ज्ञान ठरले. अॅमहर्स्टचे दप्तर जळाले नाही हे कोणाचे सुदैव, असे मी वर म्हटले ते या अर्थाने.

आणि मग पत्रे सुटू लागली. 1924 च्या एप्रिलमध्ये, जेम्स नदीच्या पलीकडे असलेल्या लिंचबर्ग गावातील एका आईला प्लेकरने कळविले की, तुमचे मूल तुम्ही गोरे म्हणून नोंदविले आहे, ते तसे नाही; त्याला गोऱ्यांच्या शाळेत पाठविता येणार नाही. त्या बाळंतपणाच्या सुइणीलाही वेगळा दम भरण्यात आला. जन्माचा दाखला मागणाऱ्याच्या नोंदीवर, ती चुकीची आहे असा इशारा मागील बाजूस जोडण्याची पद्धत पडली. 1943 साली त्याने काउंटीवार आडनावांची यादीच स्थानिक निबंधक, डॉक्टर, कारकून अशा लोकांकडे धाडली: या आडनावाचा माणूस मूलनिवासी म्हणवू लागला तर ऐकू नका. त्या यादीत अॅमहर्स्ट आहे. म्हणजे आता माणसाने जबानी द्यावयाचीही गरज उरली नाही. आडनाव उच्चारले की निकाल लागला. बेअर माउंटनच्या मुलांची शाळा म्हणजे 1908 साली तेथे निघालेल्या एपिस्कोपल मिशनची एक छोटी शाळा. पुढचे शिक्षण नाही. काउंटीच्या सार्वजनिक शाळांची दारे त्यांना 1963 साली उघडली.

या गोष्टीला एक काटेरी बाजू आहे, आणि ती टाळून पुढे जाणे बरे नव्हे. ‘आम्हांला रंगीत म्हणू नका, आम्ही मूलनिवासी आहोत’ या तक्रारीत, रंगीत असणे कमीपणाचे आहे ही समजूत अभावितपणे मान्य केल्यासारखी होते. डोंगरावरच्या त्या लोकांना हे कळत नव्हते असे नाही. पण ज्या शब्दाबरोबर शाळा, लग्न, दवाखाना आणि स्मशान सारेच बदलते, तो शब्द निर्विकारपणे अंगावर घेण्याचा उपदेश आपण येथे बसून करू नये. शिवाय कोणत्या कुळात किती रक्त कोणाचे, हा प्रश्न विचारणेच निरर्थक आहे. तीनशे वर्षे एकाच खोऱ्यात राहिलेल्या माणसांची रक्ते वेगळी मोजता येत नाहीत. अन्याय अमुक शब्दात नव्हता. आपण कोण, हे सांगण्याचा ज्यांचा अधिकार, त्यांच्या तोंडावर हात ठेवून दुसऱ्याने ते लिहावे, आणि तेच पुढे त्यांना वाचून दाखवावे, यात अन्याय होता.

त्याच वर्षी, म्हणजे 1924 साली, ब्लू रिजच्या पलीकडील रॉकब्रिज काउंटीत एका न्यायाधीशापुढे हा वाद आला होता. कारकुनाने दोन मुलींना निरनिराळ्या वेळी विवाहाचा परवाना नाकारला. न्यायाधीश हेन्री होल्ट याने पहिल्या खटल्यात जुन्या नोंदी पाहून कारकुनाची बाजू उचलून धरली. थोड्याच महिन्यांनी दुसरा खटला उभा राहिला, आणि तेव्हा त्याने निराळा निर्णय दिला: पूर्वीच्या काळी ‘रंगीत’ हा शब्द मूलनिवासींनाही लावीत असत, तेव्हा त्या एका शब्दावरून काहीच सिद्ध होत नाही, आणि दूरच्या पूर्वजांत अन्य रक्ताचा लेशही नव्हता असे शाबीत करणे कोणालाही अशक्य आहे. निबंधकाने या निकालावर अपील केले नाही. केले तर कायदाच कोसळेल ही भीती होती. होल्टने केले ते काय? त्याने नोंद खोटी ठरविली नाही. नोंदीतला शब्द लिहिणाऱ्याच्या तोंडी काय अर्थाचा होता, एवढेच विचारले. मीमांसक वाक्यार्थ लावताना जे करतात तेच. वाचन नीट झाले असते तर दप्तराने एवढे नुकसान केले नसते. ते झाले नाही, कारण वाचणाऱ्याला उत्तर आधीच पाठ होते. तो कायदा पुढे 1967 पर्यंत जगला. 12 जून 1967 रोजी, याच राज्यातील कॅरोलाइन काउंटीच्या एका दांपत्याच्या खटल्यात, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असली विवाहबंदी रद्द ठरविली.

आता दुरुस्तीविषयी. 1989 साली व्हर्जिनिया राज्याने मोनाकनांना मान्यता दिली. 1997 साली कायदा झाला की, मूलनिवासींना आपल्या जन्मनोंदीतील वंशाचा उल्लेख राज्याच्या खर्चाने दुरुस्त करून घेता यावा. येथे माझ्या मूळ प्रश्नाची दुसरी बाजू समोर येते. खोटी नोंद दुरुस्त करावयाची म्हणजे पुसावयाची काय?

एक मत असे की, पुसावीच. जे पाप कागदावर राहिले ते पुन्हा कोणी वाचील, पुन्हा कोणी प्लेकर त्याचा पुरावा करील. नातवाने आजीचा दाखला काढला तर त्यावर तिचा अपमान छापलेला का असावा? यात वजन आहे. दुसरे मत इतिहास लिहिणाऱ्यांचे: कागदाला हात लावू नका, आज एक खोटे पुसाल तर उद्या दुसरा कोणी खरेही पुसेल. यातही वजन आहे. मला वाटते, दोन्ही मतांत नोंद या शब्दाचा अर्थ नीट लावलेला नाही. 1924 सालच्या त्या पत्रात ते मूल कोण होते याची नोंद नाही. निबंधकाने त्या मुलाला काय म्हटले याची आहे. पहिली म्हणून ती असत्य आहे, दुसरी म्हणून ती सोळा आणे सत्य आहे. जिवंत माणसाला लागणाऱ्या दाखल्यावर पहिलीचा मागमूस असता कामा नये. आणि ग्रंथालयाच्या कपाटात दुसरीचे एकही अक्षर कमी होता कामा नये. 1943 ची ती आडनावांची यादी जाळून टाकली असती तर काय झाले असते? मोनाकन नाहीत हे सिद्ध करण्यासाठी ज्याने ती केली, त्यानेच अमुक आडनावांचे लोक अमुक काउंटीत एकत्र राहतात, स्वतःला मूलनिवासी म्हणवितात आणि दटावले तरी ऐकत नाहीत, याची सरकारी शिक्क्यानिशी ग्वाही देऊन ठेवली आहे. शत्रूचे दप्तर आपल्या बाजूने बोलते ते असे.

या ठिकाणी आपल्या घरची एक गोष्ट सांगितली पाहिजे. व्हर्जिनियातील काउंट्यांची जुनी दप्तरे युटा राज्यातील ज्या वंशावळी संस्थेने सूक्ष्मचित्रांच्या फितींवर उतरवून घेतली, आणि ज्या फिती सॉल्ट लेक सिटीजवळच्या डोंगरात ग्रॅनाइट पोखरून केलेल्या तळघरात ठेवल्या, त्याच संस्थेने हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचीही चित्रे घेतली आहेत. म्हणजे अॅमहर्स्टचा करवसुली करणारा आणि हरिद्वारचा पंडा या दोघांचे अक्षर आज एकाच संग्रहात आहे. दोघांत फरक एवढा की, वहीत नाव लिहविणारा स्वतः तेथे बसलेला असतो. तो सांगतो, उपाध्याय लिहितो, आणि पुष्कळदा खाली त्याची सही घेतो. पण म्हणून आपण फुशारून जाण्याचे कारण नाही. ही वही पुरुषाच्या वंशाने चालते. माहेरचे नाव सोडून गेलेली लेक तिच्यात पुढे सापडत नाही. वहीपर्यंत जाण्याचा मान ज्यांना नव्हता त्यांची तर कथाच वेगळी. आपल्याही दप्तराचे रकाने मोजकेच होते.

राज्याची मान्यता मिळाल्यावरही अमेरिकेच्या केंद्रसरकारची मान्यता मोनाकनांना मिळेना. तिची रीतसर पद्धत अशी की, आपला समाज पिढ्यान्‌पिढ्या अखंड चालत आला हे कागदांनी दाखवावे. ज्यांचे कागद चौतीस वर्षे एकाच हाताने खोटे केले त्यांनी ते कोठून आणावेत? म्हणून व्हर्जिनियातील सहा जमातींनी ती वाट सोडून थेट काँग्रेसकडे दाद मागितली. 29 जानेवारी 2018 रोजी त्यांच्या मान्यतेचा कायदा झाला. त्या सहांत मोनाकन आहेत. त्यात एक साधे कलम आहे: जमातीचे सभासद कोण, याची यादी म्हणजे जमातीने स्वतः यापूर्वी केंद्राकडे सादर केलेली यादी. कोणी डॉक्टर ती तपासणार नाही, कोणी निबंधक तिच्या पाठीमागे इशारा जोडणार नाही. अर्थात यादी म्हटली की रकाने आले, आणि कोणाला घ्यावे, कोणाला घेऊ नये हा प्रश्न आला. बाहेर गावी लग्न करून गेलेल्या मुलीची नातवंडे येतील, ज्याच्या आजोबाने भीतीपोटी गोरा म्हणून नाव लावून घेतले होते तो येईल, आणि प्रत्येकजण म्हणेल की आम्हांलाही लिहून घ्या. त्या अर्जांवर आता बेअर माउंटनच्या लोकांनाच विचार करावा लागणार आहे.